आसगावचा नेव्हिल
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

मित्रांनो, आधी एक प्रश्न. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू कोण?

हा प्रश्न मी आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये विचारला, तेव्हा टीव्हीवर मॅच चालू होती. त्यामुळे गर्दी भरपूर. अर्ध्या पब्लिकच्या अंगात बार्सिलोना नाहीतर मँचेस्टर युनायटेडचे टी-शर्ट. एकाने जपानचा कुणीतरी असेल म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कोरियाचा. मी हिंट म्हणून नेव्हिल एवढंच म्हटलं, तर एका बहाद्दराने लगेच गॅरी नेव्हिल सांगून टाकलं. तो इंग्लंडचा, आणि तोही डिफेंडर! उत्तर आहे नेव्हिल डिसूझा. आपला, भारताचा, आणि आपल्या मुंबईकडून खेळणारा. हे नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर महिनाभरापूर्वी मलाही माहीत नव्हतं. म्हणून हा लेख. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, ती संपादक मंडळाने सांभाळून घ्यावी, ही विनंती!

नेव्हिलचा जन्म ३ जुलै १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. म्हापशाजवळ, बार्देश तालुक्यातलं हे गाव. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. आसगावच्या शेजारी शिवोली नावाचं गाव आहे. गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा आला तो याच शिवोलीत, १८८३ साली, फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीबुवांबरोबर, असं मानतात. म्हणजे गोव्याच्या फुटबॉलची गंगोत्री नेव्हिलच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्या भागात चर्चसमोरचं मैदान आणि त्यावर संध्याकाळी खेळणारी पोरं हे दृश्य अजूनही दिसतं.

पण पोर्तुगीज गोव्यात पोट भरण्याइतक्या नोकऱ्या नव्हत्या. त्यामुळे हजारो गोवेकर मुंबईची वाट धरत. धोबी तलाव, माझगाव या भागांत त्यांचे कूड असत. कूड म्हणजे गावाच्या नावाने चालणारं हॉस्टेलच म्हणा ना! एकेका गावाचा एकेक कूड, तिथे कमी पैशात खाट मिळायची आणि नोकरी लागेपर्यंत आधार मिळायचा. ही माणसं मुंबईत येताना आपल्याबरोबर गाणं-बजावणं घेऊन आली आणि फुटबॉलही. नेव्हिलचं फुटबॉलही बहरलं ते मुंबईतच.

आता त्या काळचं मुंबईचं फुटबॉल कसं चालायचं, हे थोडं समजून घ्यायला हवं. नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. तेव्हा आजच्यासारखे व्यावसायिक क्लब नव्हते, खेळाडूंचे लिलाव किंवा करार नव्हते. संघ होते ते बहुतेक कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे. चांगला खेळणारा पोरगा दिसला की कंपनी त्याला नोकरीत घ्यायची. सकाळी प्रॅक्टिस, दिवसा ऑफिस, संध्याकाळी कूपरेजवर मॅच. पगार ऑफिसच्या कामाचा मिळायचा, नाव मैदानावर व्हायचं. नेव्हिल टाटांच्या संघातून खेळू लागला आणि मुंबईच्या मैदानांवर सेंटर फॉरवर्ड म्हणून त्याचं नाव झालं.

खेळायच्या स्पर्धा तीन प्रकारच्या. शहरातल्या संघांसाठी हारवूड लीग. देशभरातले नामांकित संघ मुंबईत येऊन खेळायचे तो रोव्हर्स कप, जो गोऱ्या पलटणींसाठी १८९१ मध्ये सुरू झाला होता. आणि राज्या-राज्यांमधला संतोष करंडक. नव्हती फक्त एकच गोष्ट, ती म्हणजे अख्ख्या देशाची लीग. मुंबईचा, कलकत्त्याचा, हैदराबादचा संघ वर्षभर दर आठवड्याला एकमेकांशी खेळतोय, असं काही अस्तित्वातच नव्हतं.

कप आणि लीग यांत फरक काय, असं कुणी विचारेल. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगतो. कप म्हणजे व्हायवा. त्या दिवशी एक्स्टर्नलचा मूड चांगला असला, आपल्याला येणारा प्रश्न पडला की निभावलं. लीग म्हणजे वर्षभरची सबमिशन्स, सेशनल्स आणि पेपर. तिथे रोज घासावंच लागतं. व्हायवात चमकणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण एखादा खरोखर किती पाण्यात आहे ते वर्षाच्या शेवटी कळतं.

१९५४-५५ च्या हंगामात मुंबईने पहिल्यांदाच संतोष करंडक जिंकला. त्या संघात नेव्हिल होता. वय बावीस, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं. आता देशाच्या संघाकडे डोळे लागले होते.

देशाच्या संघाची तेव्हाची अवस्था मजेशीर होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, आणि तिथे थंडी मरणाची. शिवाय भारतात सामने ७० मिनिटांचे व्हायचे आणि ऑलिंपिकमध्ये ९० मिनिटांचे. ज्या इंजिनाची टेस्टच ७० मिनिटांची झाली आहे, ते शेवटच्या २० मिनिटांत तापणारच! या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट घालणं सक्तीचं केलं.

याच काळात एक जबरदस्त माणूस भारतीय संघाला घडवत होता. सय्यद अब्दुल रहीम, सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. हैदराबादचे शाळामास्तर. 'मैदान' हा अजय देवगणचा पिक्चर २०२४ मध्ये आला, तो यांच्यावरच. त्यांच्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला होता. मास्तर असल्यामुळे ते खेळही शिकवल्यासारखा शिकवायचे. कमजोर पायानेच खेळायचं, ड्रिबलिंग करायचंच नाही, अशा अटी घालून ते पोरांच्या स्पर्धा भरवायचे, म्हणजे पोरं आपोआप दोन्ही पायांनी खेळायला आणि पास द्यायला शिकत. युरोपात कोण काय नवं करतंय याच्यावरही त्यांची बारीक नजर असे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांनी संघ बांधला तेव्हा कॅप्टन होता कलकत्त्याचा समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, विंगवर पी. के. बॅनर्जी आणि आक्रमणाच्या टोकाला नेव्हिल. पी. के. तेव्हा फक्त वीस वर्षांचा होता. माझ्याच वयाचा! मी वीस वर्षांचा होऊन एम-थ्री कसाबसा काढला.

मेलबर्नला पहिल्याच फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण त्याच सुमारास हंगेरीत क्रांती झाली, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया. तारीख १ डिसेंबर १९५६.

या तारखेला थोडं थांबू या. बरोब्बर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, आपलं नागपूर मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं होतं. राजधानीचं शहर होतं, ते एका रात्रीत राजधानीचं राहिलं नाही, म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीतले लोक हळहळत होते. म्हणजे नेव्हिल ज्या मुंबईचा खेळाडू होता, त्या राज्यात आपण नुकतेच दाखल झालो होतो. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. नेव्हिल ज्या आसगावात जन्मला, ते आसगाव त्या दिवशी भारतात नव्हतं! गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वर्षभरापूर्वीच, १५ ऑगस्ट १९५५ ला, गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. ज्याचं गाव परक्या झेंड्याखाली आहे, असा माणूस भारताचा शर्ट घालून मैदानात उतरला होता.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी मिळवून दिली. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा ती पुसली. हाफ टाइमला २-२. दुसऱ्या हाफमध्ये पाचच मिनिटं झाली होती, पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल. हॅटट्रिक! ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा मारला आणि यजमानांना त्यांच्याच घरात ४-२ ने हरवून भारत ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये पोचला. आशियातला कोणताही देश यापूर्वी तिथवर पोचला नव्हता.

आणि सेमीफायनलला समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते. ४ डिसेंबरला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर मॅच झाली. हाफ टाइमपर्यंत ०-० होतं. दहा गोल खाल्लेला संघ ४५ मिनिटं एकही गोल घेऊ देत नाही, हीच केवढी मोठी गोष्ट! दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला तर कमाल झाली. नेव्हिलने गोल केला आणि भारत १-० ने पुढे गेला. ऑलिंपिक फायनल चाळीसेक मिनिटांवर होती.

पण ती आघाडी फार टिकली नाही. लगोलग बरोबरी झाली, मग दुसरा, मग तिसरा. चौथा तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला. ४-१. कांस्यपदकाच्या मॅचमध्ये बल्गेरियाने ३-० ने हरवलं. भारत चौथा आला. भारतीय फुटबॉलची ऑलिंपिकमधली ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. नेव्हिलचे एकूण गोल चार. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्याबरोबर तो त्या ऑलिंपिकचा संयुक्त टॉप स्कोअरर होता. परतीच्या आधी सिडनीत ऑस्ट्रेलियाशी मैत्रीपूर्ण सामना झाला, तो भारताने ७-१ ने जिंकला. म्हणजे ४-२ हा काही फ्लूक नव्हता.

आज असा पोरगा असता तर काय झालं असतं, कल्पना करा. एअरपोर्टवर मिरवणूक, जाहिराती, युरोपातल्या क्लबांचे एजंट. नेव्हिल परत आला तो मुंबईच्या त्याच मैदानांवर. कंपनीचा संघ, हारवूड लीग, रोव्हर्स. पुढे तो कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघातून खेळला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला. त्याचा भाऊ डेरेक हाही चांगला खेळाडू होता, तोही भारताकडून खेळला. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात मात्र नेव्हिल नव्हता. त्याच्यानंतर भारत ऑलिंपिकला गेला तो फक्त त्या रोमला. पुढे आजतागायत आपण पात्रच ठरलो नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, आणि आसगाव भारतात आलं. १६ मार्च १९८० रोजी नेव्हिल गेला. वय अवघं सत्तेचाळीस.

त्याच्या आधीच कॅल्टेक्सही गेली होती. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि नंतर ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. आपण बाइकमध्ये पेट्रोल भरतो त्या एचपीच्या पंपात कुठेतरी नेव्हिलचा संघ विरघळलेला आहे.

इथे मला जपानची आठवण होते, कारण तिथली गोष्ट अगदी आपल्यासारखी सुरू होते आणि अगदी वेगळी संपते. १९६२ मध्ये रहीमसाहेबांच्या संघाने जाकार्ताच्या एशियन गेम्समध्ये जपानला २-० ने हरवून पुढे सुवर्णपदक जिंकलं होतं. तेव्हा जपानमध्येही व्यावसायिक क्लब नव्हते. तिथेही संघ कंपन्यांचे, खेळाडू कंपन्यांचे नोकर. डिट्टो मुंबई! फरक एवढाच की १९६५ मध्ये जपान्यांनी अशा आठ कंपन्यांच्या संघांना एकत्र बसवून देशाची लीग सुरू केली. त्या लीगमध्ये यानमार डिझेलच्या संघातून कामामोतो नावाचा सेंटर फॉरवर्ड खेळायचा. हो, तीच यानमार, जिची डिझेल इंजिनं आपल्या मेकॅनिकलवाल्यांना ठाऊक असतील. नेव्हिलनंतर बारा वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, कामामोतोने नायजेरियाविरुद्ध हॅटट्रिक केली. तो त्या ऑलिंपिकचा टॉप स्कोअरर झाला आणि जपानने कांस्यपदक नेलं. जपानच्या लीगमध्ये कामामोतोच्या नावावर २०२ गोल आहेत. नेव्हिलच्या नावावर राष्ट्रीय लीगचे गोल किती? शून्य. त्याला मारता येत नव्हते म्हणून नाही. लीगच नव्हती म्हणून.

पुढे १९९३ मध्ये जपानने त्याच पायावर व्यावसायिक जे-लीग उभी केली आणि १९९८ मध्ये ते वर्ल्ड कपला पोचले. यानमारचा संघ आज सेरेझो ओसाका म्हणून खेळतो. कंपनीचा संघ शहराचा झाला. आपल्याकडे नॅशनल फुटबॉल लीग सुरू व्हायला १९९६ उजाडलं. नेव्हिलच्या हॅटट्रिकनंतर चाळीस वर्षं! पहिला विजेता पंजाबातल्या फगवाड्याच्या कापड गिरणीचा संघ, जेसीटी. २००५-०६ मध्ये तर मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने लीग जिंकली, म्हणजे नेव्हिलच्या मुंबईतला कंपनी संघ देशाचा चॅम्पियन झाला. पण महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला, आणि पाठोपाठ २०११ मध्ये जेसीटीही. रोव्हर्स कप तर त्याच्याही आधी बंद पडला होता. २००७ मध्ये आय-लीग आली, २०१४ मध्ये आयएसएल. पैसा आला, परदेशी कोच आले, मुंबई सिटीने दोनदा किताब जिंकला. आणि २०२५ च्या जुलैत करार संपत आला, नवा होईना, म्हणून आयएसएलचा हंगामच लांबणीवर पडला. खेळाडू तयार, कोच तयार, प्रेक्षक तयार, पण मॅच कधी ते कुणालाच सांगता येईना.

म्हणजे दुखणं जुनंच आहे. आपल्याकडे नेव्हिल जन्माला येतात, रहीमसाहेबही येतात. पण त्यांना दर आठवड्याला खेळायला लावणारी, मालकाचा मूड बदलला तरी चालू राहणारी व्यवस्था आपण उभी करत नाही. मेलबर्नला १-० ने पुढे असताना आपल्याला जे कमी पडलं, ते त्या दिवशीचं धैर्य नव्हतं, वर्षभराच्या कठीण मॅचेसची सवय होती, असं आपलं माझं मत. एखादा दिवस माणूस टॅलेंटवर जिंकतो. रोजचं जिंकणं सवयीवर असतं.

शेवटी थोडं स्वतःविषयी. माझा रूम पार्टनर कामठीचा आहे. कामठीचं फुटबॉलवेड आणि तिथल्या रब्बानी क्लबचं नाव नागपुरात कुणाला सांगायला नको. हा पोरगा लेफ्ट विंगला असा काही पळतो की बघत राहावं. पण दहावीनंतर त्याच्या घरी आणि माझ्याही घरी एकच सल्ला मिळाला, की आता बूट माळ्यावर टाका आणि क्लास लावा. आम्ही टाकले. सल्ला देणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पोटापाण्याचं बघावंच लागतं. गंमत अशी की नेव्हिलला नोकरी मिळायची ती खेळामुळे, आणि आम्ही नोकरीसाठी खेळ सोडला. प्लेसमेंटच्या फॉर्मवर हॉबीजच्या रकान्यात मात्र दोघांनीही फुटबॉलच लिहिलंय!

हा लेख लिहून झाला तेव्हा मी त्याला नेव्हिलची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. रविवारी सकाळी उठलो तर पठ्ठ्याची खाट रिकामी. सुट्टीत घरून आणलेले जुने बूट घेऊन तो कॉलेजच्या ग्राउंडवर गेला होता. तिथे चार-पाच जण जमले होते, मेसमधला वाढपी पोरगाही होता. दगड ठेवून गोल केले होते. आता दर रविवारी सकाळी सात वाजता खेळायचं ठरलंय, आणि प्रत्येक मॅचचा स्कोअर नोटिस बोर्डवर लिहायचा असंही ठरलंय. ब्रँचप्रमाणे संघ झाले तर पॉइंट टेबलही करू.

मेकॅनिकलचा संघ तयार आहे. सिव्हिल, इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी कळवावं. स्टाफपैकी कुणाला रेफरी व्हायचं असेल तर शिट्टी आमच्याकडे आहे.